राज्य गेलं, कलमं राहिली

सप्टेंबर २०२२ मध्ये हाँगकाँगच्या एका न्यायालयाने पाच तरुणांना प्रत्येकी १९ महिन्यांची कैद सुनावली. लहान मुलांचे उच्चार सुधारणं, बोलण्यात अडखळणाऱ्यांवर उपचार करणं हे या पाचजणांचं काम. त्यांच्यावर खटला भरला गेला तो तीन चित्रपुस्तकांसाठी. या पुस्तकांत मेंढ्यांचं एक गाव आहे आणि गावावर लांडग्यांचा डोळा आहे. पहिल्या पुस्तकात मेंढ्या एकजुटीने गाव राखतात. दुसऱ्यात गावाचे सफाई कामगार संप करतात, कारण बाहेरून येणारे लांडगे गाव घाण करून जातात. तिसऱ्यात बारा मेंढ्या होडीतून निसटू पाहतात आणि लांडग्यांच्या हाती लागतात. लांडगे कोण आणि मेंढ्या कोण, हे हाँगकाँगमध्ये कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. सरकारी वकिलांनी मात्र ते न्यायालयात सविस्तर समजावून सांगितलं.

ज्या कायद्याखाली हा खटला चालला, तो चीनच्या सरकारने केलेला नव्हता. १९३८ साली हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारने राजद्रोहाचा जो अध्यादेश काढला, त्याचंच हे पुढचं रूप. १९६७ च्या दंगलींच्या काळात इंग्रजांनी तो वृत्तपत्रांवर चालवला आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतक तो कपाटात पडून होता. १९९७ मध्ये इंग्रज गेले आणि कायदा तिथेच राहिला. २०२० नंतर नव्या राज्यकर्त्यांनी तो बाहेर काढला. पुढे २०२४ मध्ये त्यांनी स्वतःचा नवा कायदा केला, त्यात हा गुन्हा कायम ठेवला आणि दोन वर्षांची कमाल शिक्षा सात वर्षांवर नेली.

मराठी वाचकाला या कायद्याची भाषा ओळखीची वाटेल. सरकारविषयी द्वेष, तिरस्कार, अप्रीती निर्माण करणं, याच शब्दांवर लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मुंबईतला तो कायदा आणि हाँगकाँगमधला हा कायदा एकाच घराण्यातले आहेत.

इंग्रजी राजवटीने जगभर मागे काय ठेवलं, असं विचारलं की रेल्वे, इंग्रजी भाषा, क्रिकेट, दगडी इमारती ही यादी पटकन पुढे येते. लूट, दुष्काळ आणि फाळण्या यांची दुसरी यादीही आता पुष्कळांना पाठ आहे. या दोन्ही याद्यांत सहसा न येणारी एक गोष्ट रोज कुठल्या ना कुठल्या देशात कुणाला तरी अटक करते आहे. प्रजेकडे संशयाने पाहण्यासाठी लिहिलेले कायदे ही ती गोष्ट. ते लिहिले इंग्रजांनी. पण आज ते जिवंत आहेत ते स्वतंत्र झालेल्या देशांनी सांभाळल्यामुळे.

कोलकात्याहून निघालेली संहिता

मेकॉलेचं नाव आपण शिक्षणविषयक टिपणासाठी लक्षात ठेवतो. त्याचं अधिक दूर पोचलेलं काम म्हणजे दंडसंहिता. १८३४ मध्ये तो हिंदुस्थानात आला, पहिल्या विधी आयोगाचा अध्यक्ष झाला आणि १८३७ मध्ये त्याने संहितेचा मसुदा सादर केला. हा मसुदा वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. १८५७ च्या उठावाने इंग्रजांची झोप उडवली आणि मग १८६० मध्ये तो कायदा झाला. १ जानेवारी १८६२ पासून अंमल सुरू झाला तेव्हा मेकॉले हयात नव्हता.

खुद्द इंग्लंडमध्ये अशी एकसंध दंडसंहिता तेव्हा नव्हती आणि आजही नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने १८७८ पासून तिथे तसा प्रयत्न केला, पण पार्लमेंटने ती संहिता मंजूर केली नाही. हिंदुस्थानात ना पार्लमेंट होतं, ना मतदार. इथे कायदा करायला गव्हर्नर जनरलची कौन्सिल पुरेशी होती. जो प्रयोग घरच्या लोकांवर करता आला नाही, तो इथे करता आला.

आणि एकदा इथे जमल्यावर तो पुढे निघाला. १८७१ मध्ये सिंगापूर, पिनांग, मलाक्का या सामुद्रधुनी वसाहतींनी तो घेतला. १८८३ मध्ये सिलोनची संहिता त्याच धर्तीवर आली. १८९७ मध्ये पूर्व आफ्रिकेत हिंदी दंडसंहिताच लागू झाली. १८९९ मध्ये सुदानची संहिता तिच्यावरून बेतली गेली आणि सुदानच्या संहितेवरून १९५९ मध्ये उत्तर नायजेरियाची. कोलकात्यात लिहिलेली वाक्यं खार्टूममार्गे कानोच्या न्यायालयांत पोचायला सव्वाशे वर्षं लागली, पण पोचली.

फसवणुकीचं कलम ४२० लाहोर, ढाका, यांगून, क्वालालंपूर, सिंगापूर इथे आजही ४२० च आहे. आपल्याकडे १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. शेजारच्या देशांत मात्र तोच आकडा, तीच रचना आहे. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर पंधरवड्याच्या आत सेनाधिकाऱ्यांनी दंडसंहितेतली जी कलमं अधिक कडक केली, त्यांत १२४-अ होतं. ज्या मंडालेत टिळकांनी याच कलमाखाली सहा वर्षं काढली, ते शहर त्याच देशात आहे.

साम्राज्यात दोन मापं

१८६० च्या संहितेत राजद्रोहाचं कलम नव्हतं. मेकॉलेच्या मसुद्यात होतं, पण कायदा होताना ते गळलं. १८७० मध्ये वर उल्लेखलेल्या स्टीफननेच, व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य या नात्याने, ते १२४-अ म्हणून पुन्हा घातलं.

या कलमाला खरी धार आली ती मुंबई उच्च न्यायालयात. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत छापून आला. आठवडाभरात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर खटला झाला. सरकारविषयी प्रेम नसणं हीच अप्रीती, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितला. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. सहांचं मत ग्राह्य धरलं गेलं. पुढच्याच वर्षी सरकारने कलमाची भाषा बदलून स्ट्रेचींच्या व्यापक अर्थाला कायद्यात जागा दिली.

१९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून दुसरा खटला उभा राहिला. न्यायासनावर दिनशा दावर होते. अकरा वर्षांपूर्वी, वकील असताना, ते याच टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, दिवसामागून दिवस. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. दुसऱ्या दिवसापासून मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. शिक्षेच्या सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या थंड होत्या. न्यायासनापेक्षा वरच्या शक्तीवर विश्वास ठेवणारं टिळकांचं उत्तर कोरलेला संगमरवरी फलक त्याच न्यायालयात आज आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याचं अनावरण केलं आणि ती शिक्षा हा न्यायालयावरचा डाग होता, अशी भूमिका घेतली.

आता अक्रा. आजच्या घानाची ही राजधानी तेव्हा गोल्ड कोस्ट या वसाहतीत होती. सिएरा लिओनचे कामगार नेते वॉलेस-जॉन्सन यांनी १९३६ मध्ये ‘आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट’मध्ये एक लेख लिहिला. युरोपियन माणूस ज्या देवाचं नाव घेतो तो आफ्रिकी माणसाच्या वाट्याला काय देतो, असा त्याचा रोख होता. पत्राचे संपादक होते ननाम्दी अझिकिवे, जे पुढे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. राजद्रोहाचा खटला झाला, शिक्षा झाली आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. वॉलेस-जॉन्सन यांच्या बाजूने युक्तिवाद सरळ होता: इंग्लंडमध्ये राजद्रोह सिद्ध व्हायला हिंसेची चिथावणी लागते, इथे ती कुठे आहे? प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की इंग्लंडमधले निवाडे इथे उपयोगाचे नाहीत. वसाहतीच्या संहितेत चिथावणीची अट लिहिलेली नाही, तेव्हा ती लागू होत नाही.

हीच कसोटी पुन्हा हिंदुस्थानाला लागली. १९४२ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने राजद्रोहाचा अर्थ आवळून धरला होता: सार्वजनिक अव्यवस्था किंवा तिची वाजवी शक्यता हवी. १९४७ च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्य सहा महिन्यांवर आलेलं असताना, सदाशिव नारायण भालेराव यांच्या मुंबई प्रांतातल्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो अर्थ मोडीत काढला. टिळकांच्या वेळचाच अर्थ बरोबर, असा निर्वाळा दिला. लंडनच्या रस्त्यावर जे बोलायची मुभा होती, ते मुंबईत किंवा अक्रात बोललं तर तुरुंग, हा फरक साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने दोनदा शिक्का मारून कायम केला.

खुर्ची बदलल्यावर

स्वातंत्र्य आल्यावर या कलमांचं काय झालं, हे घानाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

क्वामे एन्क्रुमा यांना इंग्रजांनी १९५० मध्ये बेकायदा संपाची चिथावणी आणि राजद्रोह या आरोपांखाली तुरुंगात टाकलं. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत ते तुरुंगातूनच निवडून आले आणि थेट सरकार चालवायला बाहेर पडले. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. १९५८ मध्ये त्यांच्याच सरकारने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला, ज्याखाली माणसाला खटल्याविना पाच वर्षांपर्यंत डांबता येत होतं. जोसेफ बोआके दांक्वा हे एन्क्रुमांचे जुने सहकारी. १९४८ मध्ये दोघांना इंग्रजांनी एकाच वेळी पकडलं होतं. या नव्या कायद्याखाली दांक्वांना दोनदा डांबण्यात आलं. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी न्सावामच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. इंग्रजांच्या कैदेतून जो माणूस सुखरूप सुटला, तो स्वतंत्र देशाच्या कैदेत गेला.

आपण घानाकडे बोट दाखवताना सावध असावं. खटल्याविना डांबण्याची युक्ती ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनइतकी जुनी आहे. आपली घटना लागू झाल्यावर महिन्याभरात, फेब्रुवारी १९५० मध्ये, संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. १९७१ मध्ये मिसा हा अंतर्गत सुरक्षेचा कायदा आला आणि आणीबाणीत त्याने काय केलं, ते महाराष्ट्रातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. घटना समितीत कन्हैयालाल मुन्शींनी ‘राजद्रोह’ हा शब्द भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून काढायला लावला, तो घटनेतून गेला. दंडसंहितेतलं कलम मात्र जागेवर राहिलं. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी संसदेत या कलमाविषयी उघड नापसंती बोलून दाखवली आणि ते लवकर गेलं तर बरं, असं म्हटलं. ते पंतप्रधान होते, बहुमत त्यांचं होतं. कलम गेलं नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात त्याची व्याप्ती आवळली, पण कलम वैध ठरवलं.

केंद्रीय गृह खात्याच्या आकड्यांप्रमाणे २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत देशात राजद्रोहाचे ३२६ गुन्हे नोंदवले गेले आणि दोषी ठरले सहाजण. हा आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. शिक्षा होण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे तक्रार नोंदवणाऱ्यालाही माहीत असतं. तरी गुन्हा नोंदवला जातो, कारण अटक, कोठडी, जामिनासाठीची धावपळ, नोकरीवर गदा, वर्षानुवर्षांच्या तारखा हीच शिक्षा असते. निकाल दुय्यम असतो.

११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ खालची कारवाई स्थगित ठेवायला सांगितलं. दोन वर्षांनी नवी संहिता आली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. कलम १५२ आहे, देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी. जन्मठेपेला पर्याय म्हणून पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद होती, ती आता सात वर्षांपर्यंत आहे. इंग्लंडने राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने स्वतःपुरता रद्द करून टाकला.

अख्खी जमात आरोपी

या कायद्यांची दुसरी जात अधिक क्रूर होती, कारण तिला लेख, भाषण, कृत्य असं काहीच लागत नव्हतं. जन्म पुरत होता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येईल असा झाला. आपल्याकडे कैकाडी, मांग गारुडी, पारधी, भामटा, कंजारभाट अशा जमाती त्याच्या कचाट्यात सापडल्या. नाव नोंदणी, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. सोलापुरात गिरण्यांच्या आधाराने मोठी सेटलमेंट उभी राहिली. काटेरी तारांच्या आत कुटुंबं, बाहेर गिरणी. सरकारला पहारा हवा होता, गिरणीला मजूर हवे होते, आणि दोघांची सोय एका कुंपणात झाली.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द केला. महाराष्ट्रात आज ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. जमातीचं नाव गेलं, पोलिसांच्या नोंदवहीतली नजर राहिली. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही नव्याने सांगायला नको. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही आत्मकथनं स्वातंत्र्यानंतरच्या आयुष्याची आहेत, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतलं जातीवर आधारलेलं कामवाटप आणि विमुक्त जमातींविषयीच्या अशाच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती.

एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरायचं, ही कल्पना वायव्य सरहद्दीवर आणखी पक्की झाली. १९०१ च्या फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशनखाली अख्ख्या टोळीला दंड करता येई, तिची नाकेबंदी करता येई, न्यायालयाऐवजी अधिकाऱ्याने नेमलेल्या जिरग्याकडे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पंचायतीकडे, खटला सोपवता येई. पहिल्या महायुद्धात हा नमुना इराकमध्ये गेला आणि तिथे १९५८ च्या क्रांतीपर्यंत टिकला. केनियाच्या उत्तर सरहद्दीवर सोमाली आणि इतर पशुपालकांसाठी त्याच विचाराचे खास जिल्हा कायदे आले. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला तरी त्या भागात १९९१ पर्यंत आणीबाणी होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये वागाल्लाच्या धावपट्टीवर सुरक्षा दलांनी देगोदिया कुळातल्या पुरुषांना गोळा करून आणलं. उन्हात, पाण्याविना, दिवसेंदिवस. कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. एका कुळात जन्मलेले असणं एवढाच त्यांच्यावरचा आरोप. पाकिस्तानच्या आदिवासी पट्ट्यात तर मूळ रेग्युलेशनच २०१८ पर्यंत चालू होतं. देशाच्या एका भागातल्या नागरिकांना वकील आणि अपील यांचा हक्क मिळायला स्वातंत्र्यानंतर ७१ वर्षं लागली.

घराच्या आत

मुंबईच्या रखमाबाईंचा खटला मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो, पण त्यातला एक धागा फारसा उकलला जात नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांचा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळताना हेच म्हटलं: ही पद्धत इंग्लंडमधून आली आहे, हिंदू कायद्यात तिला आधार नाही, आणि एका तरुण स्त्रीला बळजबरीने पाठवणं निर्दयपणाचं होईल. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग, असा हुकूम दिला. आपण तुरुंगात जाऊ, असं रखमाबाईंनी कळवलं. शेवटी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटमध्ये त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा मान्यता दिली. परंपरा म्हणून ज्याचं समर्थन केलं जातं, ते कधी कधी परक्या न्यायालयाचं उसनं असतं.

समलिंगी संबंधांविषयीच्या कलमाचं असंच झालं. १८६० च्या संहितेतलं कलम ३७७ सिंगापूर आणि मलायात गेलं. स्टीफनच्या मसुद्याचा आधार घेऊन लिहिलेल्या क्वीन्सलँडच्या १८९९ च्या संहितेतून त्याचा भाऊबंद पापुआ न्यू गिनी, नायजेरिया, केनिया, युगांडा इथे पोचला. इंग्लंडने १९६७ मध्ये स्वतःचा कायदा सैल केला, पण तोवर बहुतेक वसाहती सुटल्या होत्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी लंडनच्या राष्ट्रकुल परिषदेत या कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून मोकळं केलं. २०१९ मध्ये बोट्स्वानाचं उच्च न्यायालय त्याच दिशेने गेलं. केनियाच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुनी कलमं राखली. युगांडाने २०२३ मध्ये त्याहून कडक कायदा केला, ज्यात काही परिस्थितींत मृत्युदंड आहे. समलैंगिकता ही पाश्चात्त्यांची आयात आहे, असं तिथले नेते सांगतात. ज्या कलमांवर ते उभे आहेत, ती कुणी आणली, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा.

राज्यघटनेचंच कवच

कॅरिबियन बेटांत हा वारसा आणखी पक्का करून ठेवला आहे. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद स्वतंत्र झाले तेव्हा त्यांच्या घटनांत एक तरतूद आली: स्वातंत्र्यापूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांविरुद्ध आहेत म्हणून रद्द करता येणार नाहीत. हेतू संक्रमण सुरळीत व्हावं असा असेल. परिणाम असा झाला की वसाहतीच्या कायद्यांना घटनेचंच कवच मिळालं.

त्रिनिदादमध्ये खुनाला फाशी सक्तीची आहे. न्यायाधीशाला परिस्थिती पाहून दुसरी शिक्षा देता येत नाही. हा कायदा १९२५ चा. त्रिनिदादचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. २००४ मध्ये तिथल्या नऊ न्यायाधीशांपैकी पाचजणांनी आणि २०२२ मध्ये पुन्हा नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की सक्तीची फाशी क्रूर आहे, तरीही जुन्या कायद्यांना दिलेल्या संरक्षणामुळे ती वैध आहे. ज्या देशाने स्वतःकडची फाशी १९६५ मध्ये थांबवली, त्याच देशाच्या राजधानीत बसून हा निर्णय द्यावा लागला. याच संरक्षणाचा आधार घेऊन मार्च २०२५ मध्ये त्रिनिदादच्या अपील न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी तरतूद पुन्हा जिवंत केली. २०१८ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती.

जमेची बाजू

इंग्रजी कायद्याने काही चांगलं दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. मेकॉलेची संहिता भाषेच्या दृष्टीने नेटकी होती. ब्राह्मणाला एक शिक्षा आणि शूद्राला दुसरी, हे तिने मानलं नाही. पेशवाईतला न्याय ज्यांनी भोगला त्यांच्या वंशजांना या गोष्टीचं मोल कळतं आणि डॉ. आंबेडकरांसारखा कायदेपंडित याच न्यायव्यवस्थेत वकिली करत उभा राहिला. टिळकांना भर न्यायालयात दिवसच्या दिवस बोलता आलं, हेही खरं.

पण समानतेचा हा दावा गोऱ्या माणसापाशी येऊन थांबत होता. युरोपियन आरोपीला हिंदी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं म्हटल्यावर १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून गोऱ्या समाजाने एवढा गहजब केला की सरकारला माघार घ्यावी लागली. फौजदारी कायद्यातला वंशभेद पूर्ण काढून टाकायला स्वतंत्र भारताला १९४९ साली वेगळा कायदा करावा लागला. जे चांगलं होतं ते पूर्ण आपल्या हाती आलं ते आपण भांडून घेतलं म्हणून. जे वाईट होतं ते भांडल्याशिवाय जात नाही.

आणि भांडलं तर जातं, याचे पुरावेही आहेत. घानाने २००१ मध्ये राजद्रोह आणि फौजदारी बदनामीचे कायदे रद्द केले. युगांडाच्या घटना न्यायालयाने २०१० मध्ये एका पत्रकाराच्या याचिकेवर राजद्रोहाचं कलम फेकून दिलं. सिंगापूरने २०२१ मध्ये राजद्रोह कायदा आणि पुढच्या वर्षी ३७७-अ रद्द करण्याची विधेयकं संसदेत मंजूर केली. लाहोर उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पाकिस्तानातलं १२४-अ घटनाबाह्य ठरवलं. या बहुतेक ठिकाणी सुरुवात एखाद्या संपादकाने, एखाद्या वकिलाने, कुणा एका हट्टी नागरिकाने केली होती. सरकारांना आपणहून सुचलं, असं फार थोड्या ठिकाणी झालं.

याचं कारण उघड आहे. विरोधात असताना जो कायदा जुलमी वाटतो, तो सत्तेत आल्यावर हाताशी असलेला बरा वाटतो. कोणत्याही पक्षाचं, कोणत्याही देशाचं सरकार याला अपवाद नाही. म्हणून हे काम सरकारच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. वसाहतीच्या काळातून आलेलं प्रत्येक कलम विधिमंडळात नव्याने मांडलं जावं, त्यावर उघड चर्चा व्हावी, आणि ठराविक मुदतीत ते नव्याने मंजूर झालं नाही तर ते आपोआप संपावं. शहरांची आणि स्थानकांची नावं बदलण्यावर जेवढी ताकद आपण खर्च केली, तिचा थोडा भाग इकडे लागला तरी पुष्कळ होईल. नव्या संहितेतही आकड्यांपलीकडे काय बदललं, हे कलमागणिक विचारलं पाहिजे. एका कसोटीने बरंच कळतं: हे कलम माणसाला नागरिक मानून लिहिलंय, की संशयित मानून?

१८९७ चा निकाल स्ट्रेचींच्या नावावर आहे, १९०८ चा दावरांच्या. सोलापूरच्या तारा इंग्रजांनी लावल्या. तो हिशेब त्यांचा, आणि तो मागायचा आपला हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर या कलमांखाली जो पकडला गेला, ज्या पारध्याच्या पोराला काही न करता चौकीत रात्र काढावी लागली, जी बाई नांदायला जा म्हणून न्यायालयात उभी केली गेली, त्यांचा हिशेब लंडनला पाठवता येणार नाही. तो मतदार म्हणून आपल्या नावावर आहे आणि तो आपल्यालाच चुकता करायचा आहे.